गेट बेचाळीसपर्यंत

अहिल्या : आणि मला भिंतीकडे तोंड करून ठेवलंय, पाहिलंत? सुटकेससुद्धा लोक अशी ठेवत नाहीत.

राजाभाऊ : अहो, ढकलणारा दुसऱ्या पॅसेंजरला सोडायला गेलाय. पंधरा मिनिटांत येतो म्हणाला. पण एअरपोर्टवर शेजारच्या व्हीलचेअरमधून मराठी ऐकू आलं, बिल्कुल घरी आल्यासारखं वाटलं. मी राजाभाऊ धामणकर. आधी इथे दिल्लीतच लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो, आता मुलीकडे. भाचीच्या लग्नाला चाललोय पुण्याला.

अहिल्या : मी पुण्याचीच. अहिल्या भागवत. मुलगा फरीदाबादला असतो, विक्रांत. महिनाभर त्याच्याकडे होते.

राजाभाऊ : अच्छा. आणि तुम्हाला त्रास काय? गुडघे?

अहिल्या : मला? काही नाही! रोज पाच किलोमीटर चालते. ही खुर्ची विक्रांतने तिकिटाबरोबरच लावून दिली, येतानाही आणि आताही. न विचारता.

राजाभाऊ : लाइन लागत नाही ना, म्हणून. आजकाल सगळेच करतात.

अहिल्या : मीही तेच म्हटलं. जाऊ दे, काळजी करतोय पोरगा. मग परवा काय कळलं? पुढच्या महिन्यात माझं गिरनार ठरलं होतं. माझी मैत्रीण पद्मजा चौदाजणींना घेऊन चाललीय. या शहाण्याने तिला परस्पर फोन करून माझं नाव काढायला लावलं. विचारलं, का रे? तर म्हणे, 'आई, तू व्हीलचेअरवर फिरतेस, दहा हजार पायऱ्या कशा चढणार?'

राजाभाऊ : म्हणजे खुर्ची त्यानेच दिली, आणि पुरावाही तीच!

अहिल्या : आणि मी गप्प बसले, त्याचाच राग येतोय मला. आज हिच्यात बसून विमानापर्यंत गेले, तर त्याचंच खरं ठरेल. चला, उठा तुम्हीपण! चालत जाऊ, वाटेत चहा घेऊ. मुलांनी बसवलं म्हणून किती बसायचं?

राजाभाऊ : तुम्ही जा, ताई. मला मुलांनी नाही बसवलं. गुडघ्यांनी बसवलंय.

अहिल्या : अगंबाई! माफ करा हं. मी मघापासून खुर्चीला नावं ठेवतेय, आणि तुम्ही...

राजाभाऊ : माफी कशाला? हिच्यामुळे तर मी घराबाहेर पडतो. पण जिला चालता येतं तिने इथे भिंत बघत बसायचं, हे बिल्कुल गलत आहे. फक्त तुम्ही चहाचं नाव काढलंत ना, आता मलाही हवासा वाटतोय.

अहिल्या : ब्रेक कुठे असतो हिचा?

राजाभाऊ : अहो, ब्याऐंशी किलो वजन आहे माझं!

अहिल्या : मी ब्रेक विचारला.

राजाभाऊ : चाकाजवळ. डावीकडे पण आहे एक. आणि काउंटरवर सांगून या, नाहीतर तो बिचारा आपल्याला शोधत फिरेल.

अहिल्या : सांगते. माझी खुर्ची रिकामी झालीय, गरजूला द्या, हेही सांगते.

(चहा पिऊन दोघं गेट बेचाळीसच्या वाटेला लागतात. तिचा फोन वाजतो. स्पीकरवर टाकून ती तो राजाभाऊंच्या हातात देते.)

विक्रांत : आई, खुर्चीत नीट बसलीयस ना?

अहिल्या : खुर्चीत नाही. खुर्चीच्या मागे आहे.

विक्रांत : म्हणजे?

राजाभाऊ : बेटा, मी धामणकर. खुर्चीत मी आहे. तुझी आई अर्ध्या एअरपोर्टभर मला ढकलतेय, आणि वर गप्पाही मारतेय.

विक्रांत : आई, काय हे यार! अडुसष्टची आहेस तू. काही झालं तर? मी इथे फरीदाबादला...

अहिल्या : काही झालं तर होईल. तुझी काळजी कळते रे मला. पण पाय माझे आहेत. त्यांचं काय करायचं ते मी ठरवणार. पद्मजाला फोन कर आणि माझं नाव परत घालायला सांग.

विक्रांत : तू पुण्याला पोच, मग बोलू आपण.

अहिल्या : आत्ता. काढायला लावलंस तू, तर घालायलाही तूच सांगायचंस. काय सांगशील तिला?

विक्रांत : सांगतो... आई येतेय म्हणून.

अहिल्या : हं. ठेव आता, पुढे चढ आहे.

राजाभाऊ : दम लागला का, ताई? थांबू या?

अहिल्या : लागलाय थोडा. बेचाळीस अजून किती लांब?

राजाभाऊ : बरंच आहे.

अहिल्या : असू दे.