काचा मोकळ्या ठेवा

नाही हो मास्तर, तसलं नको — तसलं आहे घरी. पार चाकापर्यंत येतं, खालून इलास्टिक, मुलाने हौसेने आणलंय. मला फक्त वरचं पाहिजे. टपाला, पुढे बॉनेटला, मागे डिकीला — आणि चारी बाजूंच्या काचा मोकळ्या. हो, मोकळ्या. झाकायच्याच नाहीत. कळतंय मला, तुम्ही गाडीची कव्हरं शिवता, टोप्या नाही. हसा, हसा. पण शिवून द्या. पाखरांनी जीव नकोसा करून सोडलाय माझा. पांढरी गाडी असती तर एक वेळ खपून गेलं असतं, आमची गडद निळी — मुलाला तोच रंग हवा होता. सकाळी बघावं तर टपावर ठिपके, दुपारी बघावं तर काचेवरून ओघळ. आणि काय खातात कोण जाणे, कधी जांभळं, कधी हिरवं, जसं काही रंगाचं दुकानच उघडलंय वर.

मी काय करायचं ठेवलंय? चमचमत्या पट्ट्या बांधल्या फांदीला — एक दिवस बिचकली, मग त्याच पट्ट्या ओढून घरट्यात नेल्या. प्लॅस्टिकचं घुबड आणलं, डोळे वटारलेलं, टपावर बसवलं. संध्याकाळी जाऊन बघतो तर घुबडाच्या डोक्यावर कबूतर. म्हणजे आता गाडीही पुसा आणि घुबडही पुसा. वर्तमानपत्रं पसरली, तर रात्री दव पडलं आणि सकाळी बॉनेटवर उलटी अक्षरं उमटलेली. मुलगा म्हणाला, "बाबा, आता पेपर बंद करू या, इथेच वाचत जाऊ." बोलायला तो असाच आहे, गोड बोलतो. पण त्या वाळलेल्या शिटेला मी फडक्याने खसाखसा घासलं ना, भांडं घासतात तसं — तेव्हा नाही हसला. ओरखडे पडले. ओलं फडकं वर ठेवून भिजू द्यायचं असतं म्हणे, मग अलगद उचलायचं. मला कुठे माहीत? मी जन्मभर सायकल पुसली. आणि एक राहिलं माझ्या नजरेतून, उन्हात भाजलं, तर तिथला रंगच खाल्ला त्याने. आता पॉलिश करा नाहीतर काही करा, पांढुरका डाग तसाच.

झाडाखाली कशाला लावता? — आलात ना त्यावर! सगळे हेच विचारतात. वॉचमन हेच विचारतो, मुलगा हेच विचारतो. अहो, सावली असते. उन्हात गाडी तापते. — तापू दे तर तापू दे कसं? गाडीला काही नाही होत, पण बसणाऱ्याचं काय? — कोण बसणार म्हणजे... कोणी ना कोणी... जाऊ द्या ना मास्तर. तुम्ही माप लिहून घ्या.

बरं. निघालंच आहे तोंडातून तर ऐका, पण दुकानाबाहेर जाऊ देऊ नका. आम्ही बसतो. मी आणि आमची ही. मुलगा कंपनीच्या बसने जातो, गाडी दिवसभर उभी, पुसायला म्हणून किल्ली माझ्याकडे. दुपारची जेवणं झाली की दोघं खाली उतरतो आणि बसतो गाडीत. मी स्टिअरिंगपुढे, ती शेजारी. कुठे जात नाही हो. बोलतो. हिला ऐकू कमी येतं — यंत्र लावलं कानाला तर म्हणते शिट्ट्या वाजतात, काढून डबीत ठेवते. म्हणजे तिच्याशी बोलायचं तर मोठ्यानेच बोलावं लागतं. आणि सूनबाई घरूनच काम करते, दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढे, कानाला हेडफोन लावून. वाईट नाही पोर, मान वर करून नुसतं बोट ठेवते ओठावर. पण दोन खोल्यांच्या घरात ते बोट कुठून चुकवायचं? मी हिला विचारलं की आमटीत मीठ घालू का, तर तिकडे तिच्या साहेबाला ऐकू जातं. मग मी गप्प, ही गप्प. एवढी वर्षं जिच्याशी कचाकचा भांडलो तिच्याशी खुणेने बोलायचं, हे काय जगणं झालं? बागेत जा म्हणाल — गेलो की. ही म्हणते "काय?" आणि चार बाकांवरची माणसं मला उत्तर देतात. गाडीत कसं, काच बोटभर खाली ठेवायची आणि मनसोक्त ओरडायचं. लहानपणचं बोलतो, मेलेल्या माणसांचं बोलतो. हसतो सुद्धा.

म्हणून काचा मोकळ्या. मुलाचं कव्हर घालून बघितलं ना एकदा! अर्ध्यावर ओढलं, खालून शिरलो दोघं, मग आतून खेचून घेतलं. मिट्ट काळोख, घामाच्या धारा. वॉचमनला बाहेरून कव्हर हलताना दिसलं, त्याने घातली काठी! आणि आमच्या ह्या आतून विचारतात, "अहो, कोण आलंय? आत बोलवा ना." तेव्हापासून वॉचमन मला आदराने नमस्कार करतो. आणि गालातल्या गालात हसतो मेला.

तर आता त्या डागामुळे मुलगा वैतागलाय. म्हणतो, रंग असाच जाणार असेल तर गाडी मी त्या बंद पार्किंगमध्ये टाकतो. पुढच्या चौकात झालंय बघा, पाळण्यात घालून गाड्या वर चढवतात. तिथे आम्ही कुठे बसायचं, तिसऱ्या मजल्यावर लोंबकळत? म्हणून म्हटलं, गुपचूप कव्हर शिवून घ्यावं, रंगही राहील आणि — रविवारच्या आत द्या बरं का. नाही, रविवारी गाडी जाणार आहे. लेकीकडे. लांब आहे, पहाटेच निघतील. — मी नाही. ही जाणार आहे.

राहायलाच. म्हणजे काही दिवस म्हणतात, पण काही दिवसांसाठी कोणी कपाट रिकामं करून ठेवत नाही. इथे नातीला अभ्यासाला जागा हवी, खरं आहे ते, मोठी झाली पोर. दोघं एका घरी झेपत नाही, तेही खरं आहे, मी कुठे नाही म्हणतो? लेकीला घरात बाईमाणूस हवंय, इथे नातीला शाळेत सोडायला-आणायला मी हवाय. वाटणी बरोबर आहे, कुठे बोट ठेवायला जागा नाही. फक्त हिला कोणी सांगितलेलं नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा, आई तुमचं ऐकते." बघा आता! अख्ख्या घरात तिच्या कानाशी भांडतोय कोण, तर मी, आणि म्हणे माझं ऐकते!

रोज ठरवून बसतो मास्तर. आज सांगायचं. काच वर करतो, घसा खाकरतो, म्हणतो, "अगं, ऐक" — की पडलंच थप्पकन काचेवर. लगेच ही म्हणते, आधी ते पुसा, वाळलं की निघत नाही. मग मी उतरतो. फडकं भिजवतो. ठेवतो वर, उभा राहतो. पुसतो. शेजारचं पुसतो. पुसून परत येईतो नातीची शाळा सुटायची वेळ होते. शिव्या घालतो पाखरांना. पण खरं सांगू? एवढा वेळ लागत नाही हो पुसायला.

आणि ह्या बाईला तरी काही आहे का त्याचं? तिचं अलीकडे भलतंच सुरू झालंय. गाडीत बसलं की मलाच कामं शिकवते. परवा सुईदोरा घेऊन आली, म्हणे ओवा. म्हटलं मी कशाला, तू आहेस की. नाही, ओवाच. दोरा नेढ्यात जाईना, चुकलो, तर रागावली. मग शर्टाचं बटण लावून घेतलं माझ्याकडून, उसवून परत लावायला लावलं. काल गोळ्यांची डबी. सकाळची कुठली, रात्रीची कुठली, घोकून घेतलं. शाळेत होतो तेवढ्या वर्षांत एवढं पाठांतर केलं नाही मी! वर म्हणे, पायाला तेल आपल्या हाताने लावायची सवय करा, वाकता येतं तुम्हाला. मी ओरडलोच शेवटी — हे सगळं आत्ताच कशाला डोक्यात भरतेयस माझ्या? तर तोंड फिरवून बाहेर बघत बसली. आणि पडलं पुन्हा काचेवर. तर म्हणते, "जा, पुसून या. सावकाश पुसा. घाई नाही."

काय झालं? असे काय बघताय मास्तर माझ्याकडे?

...सावकाश पुसा म्हणाली.

छे हो. तिला कुठून कळणार? मुलगा दार लोटून बोलला होता माझ्याशी, हळू आवाजात. तिला तर शेजारी वाजवलेलं ताट ऐकू येत नाही. पलंगाखालची बॅग तेवढी बाहेर निघालीये तिची, पण म्हटलं, कपड्यांना ऊन दाखवत असेल...

राहू द्या ती टेप. नको, नको, कापड कापू नका. कव्हरचं मुलगा बघेल, गाडी त्याची आहे. त्याच्याशी बोलायचंय मला, पण ते नंतर, मी आणि ही मिळून बोलू. आज काय पडायचं ते पडू दे काचेवर, मी उतरणार नाही. किती वाजले? अहो, ती खाली आली असेल आता, दाराशी उभी असेल, किल्ली माझ्या खिशात आणि गुडघे दुखतात तिचे — सरका जरा, जाऊ द्या मला.