राजवाड्याच्या बागंतला आंबा

चा प्या निवांत, पन त्या राजवाड्याच्या बागंचं कवतिक मला सांगू नगा. लढाईवरनं रजेवर आलो तवाची गोष्ट हाय. संस्थान अजून हुतं, आनि मालकांच्या वाढदिवसाला राजवाडा समद्यांस्नी उघडा आसायचा. माजं वडील, आबा, म्हनले, "चल, वेठीला हुतो तवा लावलेला माजा आंबा दावतो तुला."

कारंज्याम्होरं एक दांडगा आंबा हुता. आबांनी बुंध्यावरची कलमाची गाठ चाचपली. "ह्योच. माज्या पटक्याची चिंधी फाडून बांदली हुती. दोन उन्हाळं कावडीनं पानी घातलंय ह्येला."

तेवढ्यात माळी वराडला, "ए म्हाताऱ्या, हात काढ. मालकांनी लावलंय ते झाड. पाटी वाच."

आबांना कुटलं वाचायला येतंय. मला म्हनले, "तू पलटनीत शिकलास न्हवं? वाच की."

दगडावर कोरलं हुतं, 'हा आंबा श्रीमंत सरकारांनी स्वहस्ते लावला.' माजं डोकंच फिरलं. रागाच्या भरात मी ते जसंच्या तसं मोठ्यांदा वाचलं. वाटलं, आता आबा त्या माळ्याला सोडत न्हाईत.

आबांनी गाठीवरचा हात काढला. "दगडावर लिवलंय म्हंजे खरंच आसंल रं. माजं दुसरं कुटलं तरी आसंल."

दिस मावळंस्तवर म्हातारा झाडाझाडाची गाठ चाचपत आपला आंबा हुडकत हुता. आवं, दोन अक्षरं शिकलो हुतो मी, आनि ती वापरली कशापायी, तर आपल्याच बापाला खोटं पाडायला.