रिकामं कुरण

आटपाडीच्या एसटीत लीलाबाईनं डोळे मिटले, पण कान काय मिटता येतात? पुढच्या सीटवर मेंढपाळ रंगुबाई शेजारी बसलेल्या पलूसच्या हंबीरराव फौजींना सांगत होती.

"परदेशातल्या विमानाच्या कंपनीला आमच्या गावचं कुरण पायजे हुतं."

"विमानं उतरवायला?"

"न्हाई वो दादा. तिकडं धूर सोडायचा, आन् त्येचं पाप फेडाया हितं कुंपण घालून झाडं लावायची."

"मग मेंढरांनी चरायचं कुठं?"

"त्येंच्या सायबानं कागदावर लिवलं, कुरण रिकामं हाय, कुणी वापरत न्हाई. आमी मेंढरं घिऊन कऱ्हाडकडं गेल्यावर मोजाया आलता, मुडदा बशिवला त्येचा!"

"मग ग्रामसभेत बोलायचं की!"

"ती बी आमच्या माघारीच लावली. पर सुनेनं फोन केला. चार दिस चालत आलो, समदी मेंढरं घिऊन. सभा कुरणातच बशिवली."

"सायब आला?"

"आला की! गाडी लावाया जागा घावंना."

"आन् ठराव?"

"पाडला! समद्या गावानं इरोधात हात वर केलं. सायब म्हनला, आजी, आता तरी मेंढरं बाजूला घ्या, गाडी काढायचीय."

"मग?"

"मी म्हनलं, कुठली मेंढरं, सायेब? कुरण तर रिकामं हाय न्हवं?"