खादीत बांधलेली फुलं

दारूबंदीवर भाषण ठोकायला पेठ वडगावला निघालेले नृसिंहराव खादीची टोपी सावरत एस.टी.च्या रांगेत उभे होते. पुढच्या दोघांची कुजबुज साऱ्या रांगेला ऐकू जात होती.

“घरची बियर लई कडक झालीया, पर वासच न्हाय बग.”

“वासाची ती हॉपची फुलं कवा घातलीस?”

“उकळताना. समदी.”

“वास उडणारच की! निम्मी राखायची. बियर फसफसून निवली की खादीत बांधून पिंपात सोडायची.”

“खादीतच का?”

“चोथा गळत न्हाय. मग बाटलीत गुळाचा खडा टाकून बूच आवळायचं. दिवाळीला उघडायची.”

“दिवाळीला?” नृसिंहरावांना राहवलं नाही. “एवढी कडक बियर शिमग्यापर्यंत मुरली पाहिजे!”

दोघं वळले. एकानं टोपी निरखून पाहिली.

“सायेब, तुमी कुठल्या भांडारातली खादी वापरता?”