खोडलेले दोनशे बारा

दातांच्या दवाखान्यात शिंपी गाल धरून बसला होता, पण कान शेजारच्या बाकावर होते. तिथे एक मावशी आणि तिचा हवामान खात्याच्या रडार ऑफिसात काम करणारा भाचा.

“त्या दिवशी आमच्या रडारवर तुमच्या गावात चाळीसच मिलिमीटर पाऊस दिसत होता गं.”

“आणि माझ्या पर्जन्यमापकात दोनशे बारा! बाटली काठोकाठ भरली, मोजून ओतली, परत लावली. दोन्ही मापं मिळून दोनशे बारा.”

“आमच्या साहेबांना वाटलं, तू एकच माप दोनदा धरलंस. म्हणून तू कळवलेला आकडा खोडला.”

“बावीस वर्षं मोजतेय मी! मग सरळ सरपंचांना फोन केला. नदीकाठची वस्ती रिकामी केली त्यांनी. पाणी घरांत शिरलं तेव्हा माणसं वर शाळेत होती, कोंबड्यांसकट.”

“एकूण एक वाचली, मावशी.”

“पण तुमचं एवढं मोठं धूड चुकलं कसं?”

“रडारचा किरण सरळ जातो, जमीन वाकत जाते. तुमच्या गावापर्यंत तो तीन किलोमीटर उंच गेलेला असतो. ढग होते त्याच्या खाली.”

“म्हणजे गच्चीवरून उडत जायचं आणि म्हणायचं, घरात कुणी नाही!”

“शिंपीदादा, तुमचा नंबर,” नर्सने हाक मारली.

“थांबा हो ताई. साहेब काय म्हणाले, ते ऐकू द्या!”

भाचा हसला. “म्हणाले, मावशींचा आकडा पुन्हा लिहितो.”

“त्यांना म्हणावं, वही घेऊन इकडे या, माझ्यासमोर लिहा. आणि रडारवर काही दिसो न दिसो, येताना छत्री आणा.”