घड्याळजींची मान

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक घड्याळजी आणि त्यांची बायको नंबर लागायची वाट पाहत होते. घड्याळजींना मान वळवता येत नव्हती, म्हणून ते समोरच्या भिंतीशी बोलत होते.

“डॉक्टरबाई दुकान महिनाभर बंद ठेवा म्हणाल्या, तर?”

“तर ठेवायचं. व्यायामाने मान सुटायची सोडून तुमची जास्तच आखडली.”

“अगं, एकही चुकवला नाही! घड्याळाचे ठोके पडले की हनुवटी मागे, दहा वेळा. त्यांनीच सांगितलंय.”

“कुठल्या घड्याळाचे?”

“म्हणजे?”

“दुकानात ठोक्यांची घड्याळं किती?”

“दुरुस्तीला आलेली? नऊ.”

“नवांचे ठोके एकदम पडतात?”

“एकदम पडले असते तर दुरुस्तीला कशाला आली असती?”

“अहो, म्हणजे तासाला नव्वद वेळा!”

“तरीच म्हटलं, या बाई भलत्याच कडक.”

त्या बाई दारातच उभ्या होत्या.

“काका, आत या, मान बघते. दुकान उघडंच ठेवा, पण ठोके विसरा. गिऱ्हाईक आलं की मान वर करायची आणि मग दहा वेळा हनुवटी मागे.”

“मग व्यायाम सुटलाच म्हणा. दिवसाला दोन गिऱ्हाइकं येतात.”

“मी येत जाईन ना दर तासाला,” बायको म्हणाली.

“तू? तुझं दुकानात काय काम?”

“काही नाही. मान वर केलीत, तर चाळीस वर्षांत एकदा माझं तोंड तरी दिसेल.”