एकटीनं की जोडीनं

समुपदेशकांच्या दाराबाहेर माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं,

“ताई, एकट्या बसणार की जोडीनं?”

“जोडीनं,” नवरा म्हणाला.

“मी ताईंना विचारलं.”

“तिचंही तेच म्हणणं आहे. बोलायचा कंटाळा करते हो ती.”

“मला एकटीनं बसायचंय,” बायको म्हणाली.

“अगं, भांडण दोघांचं. तू एकटी आत काय करणार?”

“यापुढे तुमच्याबरोबर राहायचं की नाही, ते ठरवणार.”

“बरं बाई, बस एकटी. मी फक्त आधी आत जाऊन तुला काय होतंय, ते सांगून येतो.”

“साहेब, त्या गेल्यासुद्धा आत.”

“मग तिनं काय ठरवलं, ते मला कसं कळणार?”

“बाहेर आल्या की विचारा.”

“तिला?”